मनाच्या दारावरचा पहारेकरी

आपल्याकडच्या लग्नात प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी एक शब्द येतो, 'सावधान'. हातात अक्षता आहेत, वाजंत्रीवाले तयार आहेत, मांडवात आनंदीआनंद आहे; आणि नेमक्या त्याच क्षणी वधूवरांना सांगितले जाते की, लक्ष असू द्या. हा शब्द ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा परंपरेने आपण ऐकत आलो आहोत. सावधान म्हणजे अवधानासह, लक्ष जागेवर असलेला. पण रोजच्या वापरात या शब्दाला भीती चिकटली. घाटात 'सावधान, पुढे अपघाती वळण आहे' अशी पाटी दिसली की पोटात गोळा येतो. मूळ शब्दात मात्र भीती नाही, लक्ष आहे.

ख्रिस्ती साधनेत या सावधपणाला पहिल्यापासून मोठे स्थान आहे. नव्या करारात त्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडीने येतात. एकाचा अर्थ जागे राहणे आणि दुसऱ्याचा अर्थ नशेत नसणे, शुद्धीवर असणे. संत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात हे दोन्ही शब्द एकापाठोपाठ येतात. माणूस डोळे उघडे असूनही नशेत असू शकतो. रागाच्या, मोठेपणाच्या, पैशाच्या. म्हणून नुसते जागे असणे पुरत नाही, शुद्धही हवी, असा या जोडीचा अर्थ आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेने यातला दुसरा शब्द उचलला आणि 'नेप्सिस' या नावाने मनाच्या राखणीचे एक शास्त्रच उभे केले.

ही राखण कशाची करायची आणि कशासाठी, एवढाच आजचा विषय आहे. कारण या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली, तर सावधपणा माणसाला तारण्याऐवजी मारूही शकतो. तसे झाल्याची उदाहरणे संतांच्याच चरित्रांत आहेत.

प्रथम शुभवर्तमानाकडे जाऊ. संत मार्काच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने एक छोटा दृष्टान्त दिला आहे. घरधनी प्रवासाला निघतो. जाताना तो चाकरांवर घर सोपवतो, प्रत्येकाला त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. मालक कधी परतेल याचा नेम नाही. संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना किंवा पहाटे. रोमन लोक रात्रीचे चार प्रहर मोजत, ते हेच चार. यात एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. मालकाने सगळ्यांना कामे सोडून दाराशी उभे केलेले नाही. स्वयंपाक करणारा स्वयंपाक करतो आहे, गोठा सांभाळणारा गोठ्यात आहे. सावधपणा म्हणजे संसार सोडून आकाशाकडे पाहत बसणे नव्हे. हातातले काम करत असताना घर कोणाचे आहे, हे न विसरणे म्हणजे सावधपणा.

दुसरा दृष्टान्त संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला, दहा कुमारिकांचा. वराच्या स्वागतासाठी दिवे घेऊन त्या निघतात. पाच जणींनी तेल घेतलेले असते, पाच जणींनी नसते. वराला उशीर होतो. मग काय होते? आपण चटकन म्हणतो, शहाण्या जागल्या आणि मूर्ख झोपल्या. पण मूळ कथा तशी नाही. दहाही जणींना डुलकी लागते, दहाही जणी झोपतात. फरक पडतो तो फक्त कुपीतल्या तेलाने. थकवा येणे हा दोष नाही. रात्र लांबणार हे धरून आधी तयारी केली होती की नाही, हा प्रश्न आहे.

आणि तिसरा प्रसंग गेथशेमाने बागेतला. अटकेपूर्वीची ती रात्र. येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतो, आपला जीव किती कासावीस झाला आहे हे त्यांना सांगतो आणि जागत राहण्याची विनंती करतो. तो प्रार्थना करून परततो तेव्हा ते झोपलेले असतात. असे तीनदा घडते. तो त्यांना बोलतो जरूर; पण लगेच हेही म्हणतो की मन तयार आहे, देह मात्र दुबळा आहे. या शिष्यांना तो टाकून देत नाही. पुढे ज्यांच्यावर मंडळीचा भार पडला, ते हेच झोपलेले तिघे. पवित्र गुरुवारी रात्री वसईपासून गोव्यापर्यंत कॅथलिक चर्चमध्ये भाविक मिस्सानंतर थांबून जागरण करतात, ते याच रात्रीच्या आठवणीने. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या संकटाच्या घडीला सोबत बसावे, हा त्यामागचा साधा भाव. आजाऱ्याच्या उशाशी आपण जागतो ना, तसा.

शुभवर्तमानातल्या पहाऱ्याचे मूळ असे आहे. त्यात तीन गोष्टी एकत्र आहेत. हातातले काम, आधीची तयारी आणि प्रेम. धाक त्यात दुय्यम आहे.

आता प्रश्न येतो तो पद्धतीचा. मनाच्या दारावर नेमके कोण येते, हे ओळखायचे कसे? हा प्रश्न सर्वात बारकाईने ज्यांनी सोडवला, ते चौथ्या शतकातले इजिप्तच्या वाळवंटातले साधक. त्यांच्यापैकी एक एव्हाग्रियस. सुमारे ३४५ साली आजच्या तुर्कस्तानातील पोंतस प्रांतात तो जन्मला. मोठा विद्वान, कॉन्स्टँटिनोपलमध्ये नावाजलेला. तिथे एका विवाहित स्त्रीच्या मोहात तो पडला, शहर सोडून पळाला आणि जेरुसलेममार्गे इजिप्तला पोचला. नाईलच्या मुखप्रदेशाच्या पश्चिमेला केलिया नावाची एकांतवाशांची वस्ती होती. तिथे हस्तलिखितांच्या नकला करून पोट भरत तो ३९९ साली मरेपर्यंत राहिला.

शहर सोडले म्हणजे मोह सुटेल, असे त्याला वाटले असेल. पण वाळवंटात गेल्यावर या सगळ्याच साधकांना एक गोष्ट कळून आली. बाजार मागे राहिला, तरी बाजाराचे विचार बरोबर आले होते. वस्तू नाहीशा झाल्या आणि त्यांची चित्रे अधिक ठळक झाली. म्हणून एव्हाग्रियसने माणसाला छळणाऱ्या विचारांची यादी केली. खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व असे ते आठ. त्याची काही तात्त्विक मते पुढे चर्चने नाकारली; पण ही यादी त्याचा अनुयायी कॅसियन याने पश्चिमेकडे नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली. ख्रिस्ती शिकवणुकीत जी सात प्रमुख पापे सांगितली जातात, त्यांचा उगम इथे आहे.

मात्र एव्हाग्रियसने त्यांना पापे म्हटले नाही, विचार म्हटले. हा फरक फार महत्त्वाचा आहे. विचार मनात यावेत की न यावेत, हे आपल्या हाती नाही, असे तो स्पष्ट सांगतो. त्यांनी तिथे मुक्काम करावा की नाही, हे मात्र आपल्या हाती आहे. दारावर कोणीही थाप मारू शकतो. त्याला आत घेऊन पाट मांडायचा की नाही, हे घरच्यांनी ठरवायचे असते.

त्याने केलेले कंटाळ्याचे वर्णन तर आजही वाचताना हसू येईल इतके खरे आहे. याला तो दुपारचा सैतान म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास हा येतो आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. साधकाला वाटते की सूर्य जागचा हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे. तो पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो. जेवणाची वेळ झाली का, कोणी भेटायला येते आहे का, हे बघतो. मग ही जागाच वाईट आहे, इथल्या लोकांत प्रेम उरलेले नाही, असे त्याला वाटू लागते. आणि शेवटी एक पवित्र कारण सुचते. अमक्या आजाऱ्याला भेटून यायला हवे! सोळाशे वर्षांपूर्वीची ही खिडकी आज आपल्या खिशात आली आहे. हातातले काम जड झाले की आपण मोबाईल काढतो. काही हवे असते म्हणून नव्हे. आहोत तिथे राहवत नाही म्हणून.

यावर एव्हाग्रियसचा उपाय वैद्याला शोभेल असा आहे. तो म्हणतो, नीट निरीक्षण करा. कोणता विचार वारंवार येतो, कोणता क्वचित? कोणत्या वेळी येतो? कोणाच्या पाठोपाठ कोण येते? समजा, एक गृहस्थ संध्याकाळी घरी आल्यावर रोज मुलांवर खेकसतो. तो स्वतःला रागीट म्हणवतो आणि रोज रात्री पस्तावतो. पण त्याने मागोवा घेतला, तर कदाचित दिसेल की रागाच्या आधी अर्धा तास त्याच्या मनात दुसराच कोणी येऊन बसलेला असतो. कार्यालयात कोणी मान दिला नाही, याची ती खंत असते. राग हा तिच्यामागून आलेला पाहुणा. दुसऱ्याला दारातून परतवायचे, तर पहिल्याला ओळखायला हवे. म्हणून पहारा ठेवायचा तो कृतीच्या आधी, विचार उंबरठ्यावर असताना. मुलाच्या गालावर हात उठल्यावर जाग येऊन काय उपयोग?

ओळखले, तरी परतवायचे बळ कुठून आणायचे? इथे आत्मसंयमाचा संबंध येतो. ख्रिस्ती परंपरेत यासाठी जो 'आस्केसिस' शब्द रूढ झाला, तो मुळात खेळाडूच्या सरावाचा शब्द आहे. आपल्या 'तालीम' या शब्दाच्या तो अगदी जवळचा. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या क्रीडास्पर्धा भरत. करिंथकरांना लिहिताना संत पौल धावपटूचे आणि मुष्टियोद्ध्याचे उदाहरण देतात ते त्यामुळेच. पानांचा सुकून जाणारा मुकुट मिळावा म्हणून खेळाडू किती गोष्टींत मन मारतो, असे ते दाखवतात. तालमीत जाणारा मुलगा पहाटे उठून जोरबैठका काढतो, तेव्हा त्याला कोणी शिक्षा केलेली नसते. त्याला कुस्ती जिंकायची असते.

ख्रिस्ती उपवासाचे स्वरूप असेच आहे. भस्म बुधवारी सुरू होणाऱ्या उपवासकाळात एक घास, एक सवय, एखादी चैन सोडायची ती मनाला 'नाही' म्हणायचा सराव व्हावा म्हणून. मटणाच्या ताटाला जो नाही म्हणू शकतो, तो उद्या लाचेच्या पाकिटालाही नाही म्हणू शकेल, अशी आशा असते. आणि सोडलेले कुठे जाते, याकडेही बायबल लक्ष वेधते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव उपवास करणाऱ्यांनाच खडसावतो. भुकेल्याला भाकरी, बेघराला आसरा, दडपलेल्याला मोकळीक हाच खरा उपवास, असे तिथे सांगितले आहे. वाचलेला घास दुसऱ्याच्या ताटात पडला नाही, तर उपवासाचे पथ्य तेवढे होते.

पण संयमालाही माप हवे. वाळवंटातल्या साधकांचे आद्य गुरू संत अंतोनी एकदा शिष्यांबरोबर हास्यविनोद करत बसले होते. एका शिकाऱ्याला ते खटकले. अंतोनींनी त्याला धनुष्य ताणायला सांगितले. त्याने ताणले. आणखी ताण, म्हणाले. त्याने ताणले. पुन्हा तेच. शेवटी शिकारी म्हणाला की याहून ताणले तर धनुष्य मोडेल. माणसाचेही तसेच आहे, हे अंतोनींनी त्याला समजावले. वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांच्या वचनसंग्रहात ही आठवण जपून ठेवलेली आहे.

धनुष्य मोडण्याच्या किती जवळ जाऊ शकते, हे संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात दिसते. हे स्पेनमधले सरदार घराण्यातले. २० मे १५२१ रोजी पांप्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या गढीत महिनोन्‌महिने पडून असताना त्यांनी शौर्यकथा मागितल्या. घरात होते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. ते वाचता वाचता त्यांना स्वतःच्या मनातली एक गंमत जाणवली. दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याची स्वप्ने पाहिली, तर नंतरही प्रसन्नता टिके. विचार येतो तेव्हा कसा दिसतो यापेक्षा जाताना मागे काय ठेवून जातो, हे पाहावे, हा त्यांचा पहिला धडा.

पुढे १५२२ साली ते मान्रेसा या गावी राहिले. तिथे त्यांनी स्वतःवर इतका कडक पहारा बसवला की जीव नकोसा झाला. तासन्‌तास प्रार्थना, उपवास, केस-नखे वाढवलेली. सगळ्या आयुष्याचे पापनिवेदन करून झाले, तरी मन म्हणे, काहीतरी सांगायचे राहिले. पुन्हा धर्मगुरूंकडे जायचे, पुन्हा तीच रुखरुख. खोलीतल्या एका भगदाडात उडी टाकून जीव द्यावा, असे विचार येऊ लागले. देव शांती देईपर्यंत जेवायचे नाही, असे ठरवून आठवडाभर ते उपाशी राहिले. तेव्हा धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की दिसायला पवित्र असलेली ही टोचणी शेवटी आपल्याला मृत्यूकडे ओढते आहे. जी आत्म्याला नासवते ती देवाकडून आलेली असूच शकत नाही. त्यांनी जुनी पापे पुन्हा न उकरण्याचे ठरवले आणि ते मोकळे झाले.

हा प्रसंग लपवून न ठेवता त्यांनी उतारवयात आपल्या सहकाऱ्याला आत्मकथन करताना सांगितला, हे विशेष. पहारेकरी घरच्यांनाच मारू लागला, तर त्याला पहारेकरी म्हणत नाहीत. आज कोणी श्रद्धाळू माणूस अशाच न संपणाऱ्या अपराधभावनेने ग्रासला असेल, तर त्याला आणखी एक उपवास सांगू नये. त्याला जेवायला बसवावे, विश्वासू धर्मगुरूंशी बोलायला सांगावे, आणि जिवावर बेतणारे विचार येत असतील तर डॉक्टरांकडेही न्यावे. इग्नेशियस एकट्याच्या जोरावर वाचले नाहीत. जेव, असे म्हणणारे कोणीतरी त्यांच्याजवळ होते.

या अनुभवातून त्यांनी जी पद्धत घडवली, ती त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात आहे. १५४८ साली त्याला पोपची मान्यता मिळाली. रोजच्या आत्मपरीक्षणाच्या त्यात पाच पायऱ्या आहेत. पहिली, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. दुसरी, स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाशाची याचना. तिसरी, उठल्यापासून आतापर्यंतच्या दिवसाची तासातासाने उजळणी. विचार, शब्द आणि कृती. चौथी, क्षमायाचना. पाचवी, उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. क्रम नीट पाहावा. हिशेब पहिला नाही, आभार पहिले आहेत. ज्याला आधी आपल्यावरचे प्रेम आठवते, तो आपले दोष न घाबरता पाहू शकतो.

एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल, तर आणखी एक साधी युक्ती त्यांनी दिली आहे. एका वेळी एकच दोष घ्यायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची. दिवसा चूक झाली की हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारी आणि रात्री किती वेळा चुकलो, तेवढे ठिपके कागदावर मांडायचे. आठवड्याच्या सात दिवसांच्या रेघा पुस्तकात छापलेल्या आहेत आणि प्रत्येक पुढची रेघ आधीच्याहून लहान आहे. ठिपके कमी होत जातील, ही आशा त्या कागदावरच आखून ठेवली आहे. किराणा दुकानदार वही ठेवतो, तसा हा हिशेब. पण वहीचा मालक सावकार नाही, पिता आहे.

इग्नेशियसच्या येशूसंघाला १५४० साली मान्यता मिळाली आणि त्यांचे सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले. हे ग्रंथकार ज्या संघाच्या शिस्तीत वाढले, त्या शिस्तीचा रोजचा भाग म्हणजे हे आत्मपरीक्षण. त्या अर्थाने ही साधना मराठी मुलखाला परकी राहिलेली नाही.

मित्रहो, आज रात्री यातले काय करता येईल? फार काही नको. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टींबद्दल आभार मानावेत; वेळेवर मिळालेली बस आणि शेजारणीने दिलेली वाटीभर भाजीही त्यात धरावी. मग सकाळपासूनचा दिवस सावकाश पाहावा. कुठे कोणाला लागेल असे बोललो? त्याआधी मनात कोण आले होते? एक प्रसंग निवडावा, क्षमा मागावी, आणि शक्य असल्यास उद्या त्या माणसाशी आपणहून बोलावे. एवढे झाले की निश्चिंत झोपावे. स्तोत्रकर्त्याने म्हटलेच आहे की, इस्राएलाचा राखणदार कधी झोपत नाही. रात्रीच्या पहाऱ्याचे शेवटचे ओझे आपल्या खांद्यावर नाही; आपल्याकडे दाराची एक पाळी आहे, तेवढी मन लावून करायची.